अमेरिकेतल्या कॉलेजची वेटलिस्ट: १ मेच्या आधी काय करायचं, आणि नंतर किती थांबायचं

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: मुलगी सीबीएसईच्या बारावीत आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात थोड्या स्कॉलरशिपसह प्रवेश मिळालाय. पण तिला सगळ्यात आवडलेल्या खासगी कॉलेजने वेटलिस्टवर ठेवलंय. १ मे, म्हणजे होकार कळवण्याची शेवटची तारीख, तोंडावर आलाय. सरकारी विद्यापीठात डिपॉझिट भरलं तर वेटलिस्टवरचं नाव जाईल का? आपला नंबर कितवा, हे कसं कळतं? तिचे बाबा म्हणतात, आणखी प्रमाणपत्रं पाठवू, फोन करू. मुलगी मात्र दिवसभर मोबाइल हातात घेऊन बसलेली असते. काय करावं?

ताई, आधी तारखेचं बोलू. बाकीचं मागाहून निस्तरता येतं, तारीख चुकली तर काही हातात राहत नाही. ज्या विद्यापीठाने प्रवेश दिलाय तिथे होकार कळवा आणि डिपॉझिट भरा. एका ठिकाणी डिपॉझिट भरून दुसरीकडे वेटलिस्टवर थांबणं पूर्णपणे नियमात बसतं. वेटलिस्टवर ठेवणारी कॉलेजं स्वतःच मुलांना सांगतात की १ मेपर्यंत दुसरीकडची जागा पक्की करून ठेवा. त्यामुळे नाव जात नाही, आणि मुलीला आमच्यात रस उरला नाही असा अर्थही तिकडे कोणी काढत नाही. दोन कॉलेजांत दोन डिपॉझिटं भरून दोघांनाही ‘येतेय’ म्हणून सांगणं मात्र चालत नाही. ते उघडकीला आलं तर दोन्हीकडचा प्रवेश रद्द होऊ शकतो.

भरायचं तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, आपल्याकडच्या बँका बंद असतात. परदेशी व्यवहारासाठी कार्ड चालू करून घ्यायचं राहिलेलं असतं, ओटीपी येत नाही, रकमेची मर्यादा आडवी येते. ही धावपळ मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात पाहतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हे काम उरकून टाका. डिपॉझिट साधारणपणे काही शे डॉलरचं असतं आणि पुढे वेटलिस्टमधून बोलावणं आलं तर ते परत मिळत नाही. तो खर्च आत्ताच हिशेबात धरा, म्हणजे मे महिन्यात निर्णय घेताना तेवढ्यावरून अडायला होणार नाही.

डिपॉझिटबरोबरच आणखी एक गोष्ट तपासा: मुलीने वेटलिस्टवर राहायला होकार दिलाय का? कॉलेज फक्त विचारतं, ‘यादीत राहायचंय का?’ पोर्टलवर जाऊन हो म्हणावं लागतं आणि त्याचीही मुदत असते, काही ठिकाणी एप्रिलच्या मध्यालाच. पत्र वाचून घरात सगळे इतके नाराज होतात की तो होकाराचा फॉर्म भरायचाच राहून जातो. मग महिनाभर ज्या यादीची वाट पाहायची, तीत नावच नसतं.

आता नंबराचं. आपल्याकडे प्रतीक्षा यादी म्हटलं की डोळ्यांसमोर रेल्वेचं तिकीट येतं: आज वेटिंग बारा, उद्या वेटिंग सात, चार्ट लागेपर्यंत कन्फर्म. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचंही तसंच. पर्सेंटाइल ठरलेले, गुणवत्ता क्रमांक ठरलेला, मागच्या वर्षीचा कटऑफ समोर. वरचा एक हलला की खालचा एक पुढे सरकतो. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांच्या वेटलिस्टला असा क्रम नसतो. तुमच्या मुलीचा नंबर तुम्हाला कळत नाही, कारण बहुधा तो ठरलेलाच नाही. काही कॉलेजं क्रम लावतात, पण त्यातलीही सगळी तो सांगत नाहीत.

क्रम का नसतो, हे समजून घेतलं तर अर्धी तगमग कमी होईल. एक कल्पित उदाहरण घ्या. कॉलेजला पहिल्या वर्षासाठी १,००० मुलं हवीत. बोलावलेल्या सगळ्यांतली ४० टक्के येतात असा आजवरचा अनुभव, म्हणून कॉलेज २,५०० जणांना प्रवेश देतं. या टक्केवारीला तिकडे ‘यील्ड’ म्हणतात आणि प्रवेश कार्यालयाचं सगळं लक्ष एप्रिलभर तिच्यावर असतं. १ मेला मोजदाद होते. १,०१० मुलांनी होकार दिला, तर वेटलिस्ट त्या वर्षी उघडतच नाही. ९६० आली, तर चाळीस जागा निघाल्या. मग प्रश्न येतो, कोणत्या चाळीस? इंजिनिअरिंगची मुलं पुरेशी आली, पण भाषा आणि इतिहासाकडे कमी पडली असतील. एखाद्या भागातून यंदा कोणीच आलं नसेल. वाद्यवृंदात एक जागा रिकामी असेल. आर्थिक मदतीचा निधी संपत आला असेल, तर पूर्ण फी भरू शकणारी मुलं आधी पाहिली जातील. त्या त्या वेळची गरज बघून यादीतून नाव उचललं जातं. म्हणून तुमच्या मुलीपेक्षा कमी गुणांच्या मुलाला बोलावणं आलं तर ‘तिच्यात काय कमी होतं?’ हा प्रश्न घरात आणू नका. त्याला उत्तर नाही. आणि वयाच्या अठराव्या वर्षी असले निरुत्तर प्रश्न मुलं स्वतःवर लावून घेतात.

शक्यता किती, हे मात्र थोडंफार पाहता येतं. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधा. त्यातल्या ‘सी २’ या भागात वेटलिस्टचे तीन आकडे असतात: किती जणांना यादीत जागा देऊ केली, किती जणांनी होकार दिला, आणि शेवटी किती जणांना प्रवेश मिळाला. यादीला क्रम असतो का, हेही तिथेच लिहिलेलं असतं. एका वर्षाचा आकडा पाहून थांबू नका, चार-पाच वर्षांचे पाहा. एकाच कॉलेजात एका वर्षी शून्य आणि पुढच्या वर्षी शेकड्यांनी, असं होतं. २०२० मध्ये कोविडमुळे कितीतरी मुलांनी प्रवेश पुढे ढकलला आणि अनेक नामवंत कॉलेजांना वेटलिस्टमधून नेहमीपेक्षा खूप जास्त मुलं घ्यावी लागली. त्या वर्षाचा आकडा पाहून आशा बांधू नका. तसंच ‘सी ७’ भागात अर्जदाराने दाखवलेल्या आस्थेला कॉलेज किती महत्त्व देतं, ते लिहिलेलं असतं. तिथे ‘विचारात घेत नाही’ असं असेल, तर पत्रांवर फार वेळ घालवू नका. ‘महत्त्वाचं’ असं असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

तुमच्या हातात खरोखर असलेली एकच गोष्ट आहे: कॉलेजला लिहायचं पत्र. वेटलिस्टची बातमी आल्यावर दोनेक आठवड्यांत ते गेलं पाहिजे. पण त्याआधी कॉलेजच्या सूचना शब्दन् शब्द वाचा. काही कॉलेजं स्पष्ट सांगतात की काहीही जादा पाठवू नका. काही पोर्टलवर एक चौकट देतात आणि तेवढ्यातच लिहायला सांगतात. जिथे नको म्हटलंय तिथे पाठवलेलं पत्र मुलीला मदत करत नाही; सूचना न पाळणारी अर्जदार एवढीच त्याची नोंद होते.

पत्र मुलीने लिहायचं, मुलीच्या ईमेलवरून पाठवायचं, तिच्या शब्दांत. हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण आपल्याकडे अर्जाचा ईमेल आयडीच बाबांनी उघडलेला असतो आणि बाबाच ‘माय डॉटर’ म्हणून लिहीत असतात. प्रवेश कार्यालयातला माणूस पालकाचं पत्र आलं की मनात एक प्रश्न ठेवतो: मुलीला यायचंय की आईवडिलांना? शिफारशीसाठी ओळखीच्या आमदारांचं, कारखानदारांचं पत्र जोडण्याचाही मोह असतो. तो टाळा. मुलीला ओळखत नसलेल्या मोठ्या माणसाच्या पत्राला तिकडे काहीच वजन नाही.

पत्र एका पानाच्या आत असावं. पहिल्या दोन ओळींतच सांगायचं: मला तुमच्याकडेच यायचंय, आणि प्रवेश मिळाला तर मी नक्की येईन. हे वाक्य खरं असेल तरच लिहायचं आणि एकाच कॉलेजला लिहायचं. काही कॉलेजं वेटलिस्टवरच्या मुलाला बोलावण्याआधी फोन करून ‘जागा दिली तर येशील का?’ असं विचारतात, कारण त्यांना नकार ऐकायचा नसतो. पत्रात स्वच्छ होकार असला तर त्यांचा निर्णय सोपा होतो. पण पैशांची व्यवस्था झाली तरच येणं शक्य असेल, तर हे वाक्य लिहू नका. लिहिलेला शब्द पाळता यायला हवा.

त्यानंतर दोन-तीन नव्या गोष्टी. अर्ज गेला जानेवारीत, आता एप्रिल आहे. मधल्या काळात काय झालं? शाळेतला प्रकल्प पूर्ण झाला, एखाद्या स्पर्धेत निकाल लागला, गावाकडच्या द्राक्षबागेत काकांबरोबर पाण्याच्या मोजमापाचं काम केलं. असं काही असेल तर नेमकं लिहायचं, किती पाणी, कसं मोजलं, काय कळलं. प्रमाणपत्रांचा गठ्ठा पाठवण्यापेक्षा हे चार ओळींचं वर्णन कितीतरी पुढे नेतं. मग त्या कॉलेजात नेमकं काय करायचंय: कोणता विषय, कोणती प्रयोगशाळा, कोणता अभ्यासक्रम. कॉलेजचं नाव खोडून दुसरं घातलं तरी पत्र तसंच चालत असेल, तर ते पुन्हा लिहा. आपण किती निराश झालो, आपल्यावर अन्याय झाला, दुसरं विद्यापीठ कसं आपल्या तोडीचं नाही, यातलं काहीही पत्रात नको. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेलं गुळगुळीत पत्र तर नकोच. एकाच दिवशी तसली शंभर पत्रं वाचणाऱ्या माणसाला ती ओळखू येतात.

भारतातल्या मुलांना यात एक फायदा आहे, त्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. अमेरिकी मुलांकडे मे महिन्यात सांगण्यासारखं फारसं नवं नसतं. आपल्या मुलांचा बोर्डाचा निकाल नेमका त्याच वेळी लागतो. सीबीएसईचा निकाल गेली काही वर्षं मेच्या मध्याला लागतोय, राज्य मंडळाच्या बारावीचाही मे महिन्यातच. अर्जासोबत शाळेने अंदाजे गुण पाठवले होते; आता खरे गुण हातात येतात. ते त्या अंदाजाइतके किंवा वर असतील, तर त्याच दिवशी पोर्टलवर चढवा, आणि कॉलेजला दोन ओळी लिहा: निकाल लागला, गुणपत्रिका जोडली आहे, माझा होकार कायम आहे. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्याकडून, नसतील तर मुख्याध्यापकांकडून किंवा कागदपत्रं पाठवणाऱ्या शिक्षकांकडूनही एक छोटा ईमेल जाऊ द्या. त्यानंतर थांबायचं. दर आठवड्याला फोन करून चौकशी करणं त्रासदायक वाटतं आणि तशी नोंदही राहते. गुण अंदाजापेक्षा बरेच घसरले असतील, तर मात्र आधी सरकारी विद्यापीठाच्या पत्रातल्या अटी वाचा. तिथला प्रवेशही अंतिम गुणपत्रिकेवर अवलंबून असतो. अडचण दिसली तर विचारण्याची वाट न पाहता आपणहून कळवा.

पैशांचं बोलणं घरात आत्ताच करा, बोलावणं आल्यावर नव्हे. नामवंत खासगी कॉलेजांचा राहण्याजेवणासह वर्षाचा छापील खर्च आता ९०,००० डॉलरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून वर गेलाय. प्रवेश देताना कुटुंबाची ऐपत न पाहणारी कॉलेजंसुद्धा वेटलिस्टच्या वेळी ती पाहतात, असं बऱ्याच ठिकाणी आहे. परदेशी मुलांच्या बाबतीत तर ऐपत पाहणारीच कॉलेजं जास्त. गुणवत्तेच्या स्कॉलरशिपा तोवर वाटून झालेल्या असतात. म्हणजे वेटलिस्टमधून जागा मिळालीच, तर ती बहुधा स्कॉलरशिपशिवाय असेल असं धरून चाला. ते चार वर्षं झेपेल का? घर तारण ठेवावं लागेल का? धाकट्या भावंडाच्या शिक्षणाचं काय? या प्रश्नांचं उत्तर नाही असेल, तर आज यादीतून नाव काढून घेणं हा शहाणपणाचा आणि मुलीवर माया असलेला निर्णय आहे. मुलीला आशेला लावून, जूनमध्ये बोलावणं आल्यावर ‘परवडत नाही’ म्हणणं फार जड जातं. आज कागदावर आकडे मांडून तिच्याशी मोकळेपणाने बोललात, तर ती समजून घेईल. अठरा वर्षांच्या मुलांना आपण समजतो त्यापेक्षा घरचा हिशेब नीट कळतो.

बातमी कधी येईल? मोठी हालचाल मेच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत होते. क्वचित काही कॉलेजं १ मेच्या आधीच अंदाज घेऊन सुरुवात करतात. जूनमध्ये दुसरी लाट येते: वरच्या कॉलेजने वेटलिस्टमधून मूल नेलं की खालच्या कॉलेजात जागा रिकामी होते, आणि हे ओळीने खाली सरकत जातं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याच्या दबावाखाली प्रवेश अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेला आपल्या आचारसंहितेतले काही नियम काढून टाकावे लागले. दुसरीकडे होकार दिलेल्या मुलांना १ मेनंतर खुणावू नये, हा त्यातला एक. तेव्हापासून उन्हाळ्यातली ही हालचाल जास्त अनिश्चित झालीय. जुलै-ऑगस्टमध्येही एखाददुसरं बोलावणं येतं, पण परदेशी मुलाला तोवर व्हिसाची वेळ उरलेली नसते.

मोबाइलचा प्रश्न याच ठिकाणी सुटतो. बोस्टन किंवा न्यू यॉर्कचं कार्यालय सकाळी नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात नऊ वाजतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ. म्हणजे आपल्या सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तिकडे कोणी जागेवर नसतं, आणि त्या वेळात पोर्टल उघडून काहीही नवीन दिसण्याची शक्यता जवळजवळ नाही. सकाळी उठल्यावर एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा, एवढंच तिने पाहावं. स्पॅमचा फोल्डरही तेव्हाच. अमेरिकेचा, म्हणजे प्लस वनने सुरू होणारा अनोळखी नंबर आला तर उचलायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. हल्ली फसवणुकीच्या भीतीने आपण परदेशी नंबर उचलत नाही. उत्तराला मुदत कमी मिळते, कधी दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही कमी. म्हणून ‘आलं तर काय म्हणायचं’ हे आधीच ठरलेलं हवं.

फसवणुकीवरून आठवलं. मे महिन्यात ‘वेटलिस्ट क्लिअर करून देतो’ म्हणणारे लोक हमखास उगवतात. पैसे घेऊन वेटलिस्ट पुढे सरकवण्याची सोय कुठेही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत रिक सिंगर नावाच्या सल्लागाराचं प्रकरण उघडकीला आलं. लाच देऊन मुलांना घुसवणारे अनेक पालक तुरुंगात गेले आणि काही मुलांचे प्रवेशही गेले. तेव्हापासून प्रवेश कार्यालयं अशा गोष्टींकडे फार बारकाईने पाहतात.

राहिला व्हिसा. सरकारी विद्यापीठाकडून आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र, मागवून घ्या आणि ती प्रक्रिया सुरू ठेवा, वेटलिस्टसाठी थांबवून ठेवू नका. डीएस-१६० हा व्हिसा अर्जाचा फॉर्म, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची) ३५० डॉलर फी, मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत मुलाखत, या सगळ्याला वेळ लागतो आणि तारखा मिळतीलच असं नाही. २०२५ मध्ये मेच्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणंच तीनेक आठवडे बंद होतं आणि तारखेसाठी थांबलेली मुलं हवालदिल झाली होती. मध्येच दुसऱ्या कॉलेजचं बोलावणं आलं, तर त्या कॉलेजचं नवं आय-२० आणि नवा सेव्हिस क्रमांक मिळतो. भरलेली सेव्हिस फी नव्या क्रमांकावर वळवून घेता येते. पण व्हिसा आधीच्या कॉलेजच्या नावाने झालेला असेल, तर वकिलातीच्या प्रक्रियेतून पुन्हा जावं लागू शकतं. शिक्षणकर्ज मंजूर करणारी बँकही नवी कागदपत्रं मागते.

म्हणून घरच्या घरी एक तारीख ठरवा. मी बहुतेक कुटुंबांना जूनचा मध्य सुचवतो. तोवर वाट पाहायची, आणि त्याच काळात सरकारी विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज, लसीकरणाचे कागद, विषयांची निवड, तिथे जाणाऱ्या मुलांच्या ओळखी, हे सगळं मुलीने स्वतः करायचं. बरीच मुलं यातच हळूहळू त्या विद्यापीठात रमायला लागतात. रूममेटशी गप्पा सुरू झाल्या की वेटलिस्टचा विषय जेवणाच्या ताटावर येणं आपोआप कमी होतं. नातेवाइकांना आणि सोसायटीतल्या काकूंना एकच उत्तर द्या, ‘अमुक विद्यापीठात जातेय’. वेटलिस्टचं कोणाला सांगू नका, म्हणजे दर लग्नात ‘काय झालं गं त्या दुसऱ्या कॉलेजचं?’ याला मुलीला तोंड द्यावं लागणार नाही. ठरलेली तारीख उलटली आणि बोलावणं आलं नाही, तर तिने स्वतः पोर्टलवर जाऊन यादीतून नाव काढून घ्यावं. त्याआधी बोलावणं आलं आणि जायचं ठरलं, तर त्याच दिवशी सरकारी विद्यापीठाला आभाराचा आणि नकाराचा ईमेल करायला सांगा, वसतिगृहाची खोलीही सोडायला सांगा. तिथल्या वेटलिस्टवरही कोणीतरी थांबलेलं असतं.